फवारणीचे विष त्वचेतून कसे शिरते आणि ते कसे रोखावे

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधा होऊन रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांपैकी २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. ही माणसे विष प्यायलेली नव्हती. ती नेहमीसारखी पाठीवर पंप घेऊन शेतात गेली होती. त्या हंगामात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, हवा दमट आणि उकाड्याची होती, बारीक तुषार उडवणारे चार्जिंगचे पंप गावोगाव आले होते आणि बोंडअळीच्या धास्तीने दोन-तीन कीटकनाशके एकाच टाकीत कालवली जात होती. त्यानंतर सुरक्षिततेची जी चर्चा झाली, ती बहुतांशी नाकावरच्या मास्कभोवती फिरली. मास्क आवश्यक आहे, परंतु पाठीवरच्या पंपाने फवारणाऱ्या माणसाच्या शरीरात विष शिरण्याचा मोठा मार्ग नाक नसून त्वचा आहे आणि फवारणीच्या तयारीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

आपल्याकडे कीटकनाशकाला सर्रास ‘औषध’ म्हणतात. मीही बोलताना तोच शब्द वापरतो. पण औषध म्हटले की ते हाताला लागले तर बिघडत नाही, असे मनात बसते. या लेखात म्हणूनच ‘विष’ हा शब्द वापरला आहे.

त्वचा किती अडवते

त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा पातळ थर पाण्याला चांगला अडवतो, तेलाला मात्र तितका अडवत नाही. अनेक कीटकनाशके तेलात विरघळणारी असतात. ज्या बाटलीवर नावापुढे ‘ई.सी.’ (पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारे तेलकट द्रावण) अशी अक्षरे असतात, त्या द्रवात विषाबरोबर एक द्रावकही असतो आणि तो त्वचेतून विष आत न्यायला मदत करतो. त्यात घामाने भिजलेली, उन्हाने तापलेली त्वचा आणखी मोकळी होते, कारण तेथील रक्तप्रवाह वाढलेला असतो. पऱ्हाटीचे ओरखडे, जांघेतले गजकर्ण, भेगाळलेल्या टाचा या जागी तर तो संरक्षक थर मुळातच फाटलेला असतो.

शरीराचा प्रत्येक भाग सारखेच विष शोषत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेत पॅराथिऑन या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकावर झालेल्या आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जुन्या अभ्यासात अत्यल्प मात्रा शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून मोजमाप केले गेले. कोपराखालच्या हातावर लावलेल्या मात्रेपैकी सुमारे ९ टक्के, तळहातावर १२, पोटावर १८, डोक्याच्या त्वचेवर ३२, कपाळावर ३६, कानाच्या पोकळीत ४६, काखेत ६४ आणि अंडकोशाच्या त्वचेवर लावलेली जवळजवळ सगळी मात्रा शरीरात शोषली गेली. म्हणजे मनगटावर उडालेला थेंब आणि ओल्या पॅन्टमधून जांघेत झिरपलेला थेंब यांत अकरा-बारा पटींचा फरक आहे. फवारणी करताना खिशातला फोन वाजला की ओल्या हातानेच तो कानाला लावला जातो, तेव्हा विष नेमके कुठे पोचते, हेही या आकड्यांवरून लक्षात यावे.

दुसरी गोष्ट वेळेची. त्वचेवर पडलेले विष काही क्षणांत रक्तात जात नाही; ते आधी वरच्या थरात मुरते आणि तिथून तासन्‌तास पाझरत राहते. त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत धुतलेल्या हाताचा जो फायदा होतो, तो संध्याकाळच्या आंघोळीने होत नाही.

पहिले काम: निळीची चाचणी

सल्ले ऐकण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःच्या पंपावर एक प्रयोग करून पाहावा. त्याला खर्च जवळजवळ नाही. पंप आधी साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन त्यात साधे पाणी भरावे आणि कपड्यांना घालायची नीळ त्यात गडद रंग येईपर्यंत टाकावी. जुना पांढरा सदरा, पांढरा पायजमा आणि शक्य असल्यास पांढरे हातमोजे घालून, ज्या शेतात नेहमी फवारणी होते त्याच शेतात, नेहमीच्याच चालीने एक पूर्ण पंप मारावा आणि मग कपडे दोरीवर टांगून नीट बघावे.

पाठीवर टाकीच्या आकाराचा डाग दिसला तर झाकणाचा वायसर गेला आहे किंवा टाकी गळ्यापर्यंत भरली जाते, असे समजावे. उजव्या हाताची बाही मनगटापासून कोपरापर्यंत निळी झाली असेल तर नळीच्या दांड्यावरचा कॉक गळतो आहे. दोन्ही मांड्या आणि पोटऱ्या समोरून निळ्या असतील तर दोष पंपाचा नसून चालीचा आहे: नळी समोर धरून माणूस स्वतःच फवारलेल्या ओल्या झाडांत शिरत गेला आहे. छातीवर, गळ्यावर आणि कपाळावर बारीक ठिपके असतील तर पीक फार उंच झाले आहे किंवा वारा समोरून आला आहे. मास्कचा विचार नंतर करावा; जिथे जिथे नीळ दिसते तिथे आधी लक्ष द्यावे. एकदा ही चाचणी घरच्यांसमोर केली की पुढचे फारसे समजावून सांगावे लागत नाही. आईला किंवा बायकोला तो सदरा दाखवावा, त्या पुढच्या वेळी पंप तपासल्याशिवाय शेतात जाऊ देत नाहीत.

आदल्या दिवशी

चाचणीत जे दोष दिसले ते दुरुस्त करावेत. वायसर, कॉकमधली रबरी चकती आणि नोझल हे भाग स्वस्त असतात आणि ते घरात जादा ठेवावेत. नोझल तुंबले की तोंडाने फुंकून ते मोकळे करण्याची सवय अजूनही दिसते. त्यासाठी जुना दातांचा ब्रश आणि एखादी गवताची काडी पंपाच्या पट्ट्यालाच बांधून ठेवावी.

बाटलीवरचे लेबल दुकानातच वाचावे. कीटकनाशक नियम १९७१ नुसार प्रत्येक बाटलीवर तिरपा ठेवलेला चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो. लाल म्हणजे अतितीव्र, पिवळा म्हणजे तीव्र, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. लाल वर्गात अशी रसायने येतात ज्यांची प्रयोगशाळेतील निम्मे प्राणी मारणारी मात्रा तोंडावाटे दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्वचेवाटे २०० मिलिग्रॅमपर्यंत असते. या वर्गीकरणात त्वचेचा विचार कायद्यानेच केलेला आहे, ही गोष्ट दुकानदार सांगत नाही. त्याच कामासाठी निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणाचे उत्पादन मिळत असेल तर तेच मागावे आणि दोन-तीन बाटल्या एकत्र करण्याचा सल्ला लेबलवर छापलेला नसेल तर तो कोणीही दिला तरी पाळू नये. सोबतच्या माहितीपत्रकात विषबाधेची लक्षणे आणि उतारा लिहिलेला असतो. तो कागद फेकू नये, त्याची गरज शेवटी लागू शकते.

विष कालवताना

दिवसभरातला सर्वांत धोक्याचा अर्धा मिनिट हा आहे. १५ लिटरच्या पंपात ३० मिलिलिटर विष टाकले तर ते ५०० पट पातळ होते. याचा उलटा अर्थ असा की बाटलीतले एक मिलिलिटर, म्हणजे साधारण वीस थेंब, हातावर सांडले तर त्यात अर्धा लिटर फवारणीच्या पाण्याइतके विष असते. दिवसात वीस पंप मारणारा मजूर वीस वेळा बाटली उघडतो, वीस वेळा टोपणाने मोजतो आणि दर वेळी बाटलीच्या गळ्यावरून ओघळलेला थेंब बोटांना लागतो.

म्हणून पूर्ण पोशाख जमणार नसेल तरी कालवताना हातमोजे सोडू नयेत. ते नायट्रिलचे, आतून कापडाचे अस्तर नसलेले, मनगटाच्या वर येणारे असावेत. दवाखान्यात वापरतात ते पातळ रबरी मोजे द्रावकासमोर फार वेळ टिकत नाहीत, आणि सुती किंवा चामड्याचे मोजे तर विष शोषून ते तासन्‌तास हाताला चिकटवून ठेवतात. त्यापेक्षा उघडा हात बरा, कारण तो निदान धुता येतो. मोजे काढण्यापूर्वी ते हातात असतानाच साबणाने धुवावेत, मग काढावेत, मग हात धुवावेत. टोपणाऐवजी खुणा असलेले मोजपात्र वापरावे, ढवळायला लांब काठी घ्यावी आणि चेहऱ्यासमोर पारदर्शक प्लास्टिकची ढाल किंवा निदान चष्मा असावा. कालवण्याच्या जागी साबण आणि २० लिटर स्वच्छ पाणी आधी नेऊन ठेवल्याशिवाय बाटलीचे सील फोडू नये. विहीर जवळच आहे, ही सबब चालत नाही. डोळ्यात थेंब उडाल्यावर विहिरीपर्यंत कोणी धावू शकत नाही.

पाणी आणून देणे, टाकी भरून देणे ही कामे बहुधा घरातील बायका आणि मुले करतात. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना या कामापासून पूर्ण दूर ठेवावे. इतरांनी पाणी ठरावीक अंतरावर ठेवून परत जावे.

अंगावर काय घालावे

ऑक्टोबरच्या उन्हात डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिक घालून फवारणी करा असे सांगणे सोपे आहे. सुरक्षा किट घरोघरी खुंटीला टांगलेले दिसते ते याच कारणाने, आणि त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. उष्माघात हीसुद्धा खरी भीती आहे. त्यामुळे सगळे किंवा काहीच नाही असा विचार न करता क्रम लावावा.

कालवताना हातमोजे, याचा उल्लेख झालाच. त्यानंतर पाठ. टाकी आणि सदरा यांच्यामध्ये नव्या, स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा असावा. त्याला डोके आणि हात जातील अशी भोके पाडून तो मागेपुढे सोडता येतो आणि समोरून मांड्यांपर्यंत आला तर जांघेचेही रक्षण होते. खताची किंवा कीटकनाशकाची जुनी पिशवी यासाठी कधीही घेऊ नये. मग पाय: रबरी गमबूट घालावेत आणि पॅन्ट बुटाच्या आत न खोचता वरून सोडावी, नाही तर ओघळणारे पाणी थेट बुटात जमते आणि पाय दिवसभर त्यात भिजत राहतो. हातमोज्यांचेही असेच आहे. नळी कमरेखाली धरून फवारायचे असेल तर बाही मोज्याच्या वर यावी. पीक खांद्याच्या वर असेल आणि हात उंचवावा लागत असेल तर बाही मोज्याच्या आत खोचावी. डोक्यावर टोपी हवी, कारण कपाळ आणि डोक्याची त्वचा हाताच्या चौपट शोषते. पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा, कोरडा सुती सदरा बऱ्यापैकी संरक्षण देतो. तो भिजला की मात्र संरक्षण संपते आणि उलटे काम सुरू होते. तोंडाला बांधलेला रुमाल याच जातीचा आहे: अर्ध्या तासात तो ओला होतो आणि विषाची पट्टी ओठांवर बांधल्यासारखे होते.

फवारणीपूर्वी अंगाला खोबरेल तेल चोळण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तेलात विरघळणाऱ्या विषाला तेल अडवणार नाही.

कमरेचा करदोडा मात्र आवर्जून काढावा. तो सुती असतो, कमरेला आणि जांघेला लागून असतो, घामाने कधी वाळत नाही आणि आंघोळीनंतरही तसाच अंगावर राहतो. दंडातला गंडा, मनगटातला दोरा आणि चामड्याचा पट्टा यांनाही हेच लागू आहे.

फवारताना

सकाळी दव वाळल्यावर किंवा उन्हे उतरल्यावर, वारा मंद असताना फवारावे. वारा एका बाजूकडून येईल अशी ओळ धरावी आणि नळी वाऱ्याच्या पुढच्या बाजूला, शरीरापासून दूर धरावी, म्हणजे चालत जाल ती जागा कोरडी राहते. दोघे फवारत असतील तर त्यांनी एकमेकांच्या वाऱ्यात येऊ नये. टाकी काठोकाठ भरू नये.

कपाशी छातीच्या वर गेल्यावर पाठीवरच्या पंपाने फवारू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. अशा शेतात तुषार डोक्यावर उडतात, झाडे दोन्ही बाजूंनी अंगाला पुसत राहतात आणि कोणताही पोशाख पुरा पडत नाही. बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) लवकर लावणे, फरदड (वेचणीनंतर तीच झाडे राखून घेतलेले दुसरे पीक) न घेणे, ओळींतील अंतर वाढवणे हे शेतीचे उपाय आहेत, पण फवारणाऱ्याच्या त्वचेचाही तोच उपाय आहे. २०१७ ची पऱ्हाटी इतकी दाट नसती तर हातमोजे नसतानाही नुकसान कमी झाले असते.

खर्रा, तंबाखू, विडी, पाण्याची बाटली आणि फोन बांधावर, झाडाला टांगलेल्या पिशवीत ठेवावेत. खर्ऱ्याची पुडी खिशात असली की हात तिथे जातोच आणि मग बोटांवरचे विष गालात जाते. दर तासा-दोन तासांनी थांबून हात, मान आणि चेहरा साबणाने धुवावा. सदऱ्याची पाठ किंवा पॅन्ट भिजली असेल तर पंप संपण्याची वाट न पाहता कपडे बदलावेत. जादा जोड बांधावर असला तरच हे शक्य होते. एकाच माणसाने रोज सलग दिवसभर फवारू नये. मजुरी पंपावर ठरवली की तो घाई करतो आणि धुवायला थांबत नाही, त्यामुळे ती दिवसावर ठरवणे शेतमालकाच्याच हातात आहे.

फवारलेल्या शेतात ओलावा वाळेपर्यंत कोणीही शिरू नये आणि लेबलवर प्रवेशासाठी अधिक मुदत दिली असेल तर ती पाळावी. निंदणाऱ्या आणि वेचणाऱ्या बायकांच्या हातांना आणि पोटाला पानांवरचे विष असेच लागते.

घरी येण्यापूर्वी आणि नंतर

रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी टाकीतच टाकावे, बाटलीला भोक पाडावे. घरात रॉकेल किंवा तेल ठेवायला ती वापरू नये आणि चुलीत जाळू नये. कपडे अंगणातच काढावेत आणि भरपूर साबण लावून, गार किंवा कोमट पाण्याने आंघोळ करावी. कडक पाण्याने त्वचेचा रक्तप्रवाह वाढतो. खरखरीत दगडाने घासू नये. केस, कानांच्या मागे, काखा, जांघ आणि नखे यांकडे विशेष लक्ष द्यावे.

फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. धुणाऱ्या व्यक्तीने, आणि ती बहुतेक घरांत बाईच असते, हातमोजे घालावेत. कपडे आधी पाण्यात काठीने खळबळावेत, मग साबणाच्या गरम पाण्यात धुवावेत, कडक उन्हात वाळवावेत. बाटलीतले विष थेट सांडून भिजलेला कपडा आणि विष मुरलेली चामड्याची चप्पल धुऊन शुद्ध होत नाही; ती पुरून टाकावी.

अंगावर सांडले तर

कपडे ताबडतोब उतरवावेत, बटणे सोडवत बसू नये, गरज पडल्यास फाडावेत. जागा वाहत्या पाण्याने आणि साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी. डोळ्यात गेले असेल तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ स्वच्छ पाणी सोडावे. रॉकेल, पेट्रोल किंवा तेल लावून पुसू नये, त्याने विष अधिक वेगाने आत जाते. मदत करणाऱ्याने स्वतःच्या हातांना मोजे किंवा निदान प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात.

सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड गटातील विषाने चेहऱ्याला मुंग्या येतात, आग होते, आणि घाम आला की ती वाढते. साबणाने धुतल्यावर ही आग बहुधा एका दिवसात शमते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाचे तसे नाही. तो गट मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधील निरोप थांबवणारे कोलिनेस्टरेज नावाचे विकर (एन्झाइम) निकामी करतो, त्यामुळे ग्रंथी आणि स्नायू अखंड चालू राहतात: घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, मळमळ, पोटात मुरडा, अंधूक दिसणे, स्नायू आपोआप फडफडणे, छाती भरून येणे. ऊन लागले आहे असे समजून माणसाला झाडाखाली निजवण्याची चूक इथेच होते. टॉर्च न लावता सावलीत डोळ्यांच्या बाहुल्या पाहाव्यात. त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक झाल्या असतील आणि तोंडातून लाळ गळत असेल तर ते ऊन नव्हे. बाहुल्या नेहमीसारख्या दिसल्या म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये.

अशा वेळी १०८ ला फोन करावा. उलटी करवू नये, दूध-तूप पाजू नये. रुग्णाला कुशीवर निजवावे, कपडे काढून अंग धुणे रुग्णवाहिकेची वाट पाहतानाही चालू ठेवावे आणि बाटली किंवा माहितीपत्रक सोबत न्यावे. डॉक्टरांना विषाचे नाव, किती तास फवारणी केली आणि पाठ भिजली होती का, हे सांगावे. अॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम हे उतारे आहेत, पण ते रुग्णालयातच द्यायचे असतात. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर डॉक्टरांना आणि सामान्य माणसालाही मार्गदर्शन करते.

त्वचेतून झालेल्या बाधेची लक्षणे फवारणी संपल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतात. बरे वाटून घरी आलेल्या माणसाची मान उचलेनाशी झाली किंवा श्वास अपुरा पडू लागला तर लगेच परत न्यावे. विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत असा अशक्तपणा येऊ शकतो. बरा झाल्यावरही त्याला त्या हंगामात पंप उचलू देऊ नये. रक्ताच्या लाल पेशींतील कोलिनेस्टरेज हे विकर शरीर दिवसाला जेमतेम एक टक्क्याने भरून काढते, म्हणजे दोन-तीन महिने तो पूर्वीपेक्षा कमी विषाने आजारी पडू शकतो; पुन्हा फवारणीला जाण्याआधी जिल्हा रुग्णालयात कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी करून घ्यावी आणि तिचा कागद पुढच्या वर्षीच्या तुलनेसाठी जपून ठेवावा.